एका कॉर्नरचा निवाडा

माझ्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना भांडण चाललं होतं. मानपानावरून नव्हे, कॉर्नरवरून.

माझ्या मागून माझे वडील दबक्या आवाजात म्हणाले, "पावणं, आज सोयरीक झाली म्हणून सांगायचं ऱ्हात न्हाई. त्या दिवशी तुमी तुमचा माणूस सोडला नसता, तर कप आपला हुता."

समोरून, रणजितच्या मागून, त्याचे वडील म्हणाले, "आणि तुमी लाइनवर खिळा ठोकल्यागत उभं ऱ्हायलासा, त्याचं काय? बाहेर यायचं कुणी, रेफरीनं?"

भटजी थांबले. माझी मावशी "सावधान" असं काही ओरडली, की ते वधूवरांसाठी होतं की या दोघांसाठी, हे आजही कुणाला सांगता येत नाही.

बाहेरच्या माणसाला हे वेडेपणाचं वाटेल, म्हणून सांगते. कोल्हापुरात फुटबॉल क्लब खेळत नाहीत, तालमी खेळतात. जिथे एकेकाळी पैलवान जोर-बैठका काढायचे, त्याच तालमीच्या नावाची जर्सी घालून पोरं मैदानात उतरतात आणि त्यांच्या हारजितीवर अख्ख्या पेठेची मान वर-खाली होते. आमची वाघवेस तालीम. माझे वडील संपत इंगवले, म्हणजे अण्णा, तिचे गोलकीपर. माझे सासरे अजित मंडलिक, ज्यांना मी मामा म्हणते, ते स्टॉपर, म्हणजे गोलकीपरच्या पुढचा शेवटचा बुरूज. तीस वर्षांपूर्वी दगडी तालमीविरुद्ध फायनल होती. बरोबरी होती, वेळ संपत आली होती. दगडी तालमीला कॉर्नर, म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यातून मोकळी किक, मिळाला, चेंडू उंच आत आला, गोल झाला, कप गेला. चूक अण्णांची की मामांची, यावर पेठ तीस वर्षं भांडत होती आणि भांडणात सगळ्यात पुढे ते दोघे स्वतःच होते.

अण्णांचं मत, कॉर्नरच्या वेळी ज्याने त्याने आपला माणूस धरायचा, तो जाईल तिकडे सावलीसारखं जायचं. मामांचं मत, माणूस गेला खड्ड्यात, आपली जागा धरायची, चेंडू येतोच. संध्याकाळी तालमीसमोरच्या कट्ट्यावर चहा आला की अण्णा कागदाच्या पुडीतून मांडणी करायचे. शेंगदाणे म्हणजे वाघवेस, फुटाणे म्हणजे दगडी तालीम. मांडणी होईतो मामांना दम निघायचा नाही, ते एखादा शेंगदाणा उचलून तोंडात टाकायचे. अण्णा त्यांच्या हातावर चापट मारायचे आणि मग वाद सुरू व्हायचा. मी याच कट्ट्यावर चड्डीत बसून ऑफसाइड शिकले.

आणि याच कट्ट्याचं वाटोळं माझ्या हातून झालं.

मी पुण्यात शिकले, तिथेच तिघाजणांबरोबर एक यंत्र बनवलं. त्याचं नाव आम्ही 'निवाडा' ठेवलं. त्यामागचं विज्ञान वाटतं तितकं अवघड नाही. पायातून सुटलेल्या चेंडूचा वेग आणि त्याची गिरकी कळली, की तो कुठे पडणार हे त्याच क्षणी ठरलेलं असतं, पुढचं काम हवा करते. माणसाचं शरीरही असंच चुगलखोर आहे. डावीकडे झेपावणारा खेळाडू आधी उजव्या पायावर भार टाकतो, कंबर वळवतो, मान ताठ करतो. निवाडा मैदानातल्या प्रत्येकाचा सांधा न् सांधा बघतो. मग तो गणितातल्या मैदानावर तोच कॉर्नर हजारो वेळा खेळतो आणि दर वेळी एकाच बचावपटूला बदलतो. या जागी एखादा साधा चांगला खेळाडू असता तर त्याने काय केलं असतं? गोल अडला असता का? ज्याला बदलल्यावर गोल जास्त वेळा अडतो, त्याच्या माथी जास्त दोष. टक्केवारीसकट.

आम्ही ते प्रशिक्षकांसाठी बनवलं होतं. पण दोन वर्षांत ते फोनवर आलं आणि मग जे झालं ते मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. सुट्टीला कोल्हापुरात होते, सगळे मिळून मॅचला गेलो. वाघवेशीवर कॉर्नरवरून गोल झाला. पूर्वी अशा वेळी स्टेडियमच्या दगडी पायऱ्यांवर दहा मतं आणि वीस शिव्या एकदम उठायच्या. त्या दिवशी शेकडो फोन एकदम बोलले, "डावा बचावपटू, एकसष्ट टक्के." लोकांनी मान डोलावली. कुणी तरी "बरं" म्हणालं. मॅच संपल्यावर कट्ट्यावर चहा आला, तो पिऊन झाला, आणि माणसं घरी गेली. बोलायचं काय? निकाल लागला होता.

अण्णा आणि मामा दोघेच उरले. पुडी आली नाही. मामांनी नळाला पाणी कधी येतं विचारलं, अण्णांनी सांगितलं. मग मामांनी साखरेच्या गोळीचं नाव विचारलं. इतकं सभ्य बोलणं या दोघांच्या तोंडून मी जन्मात ऐकलं नव्हतं, आणि मला ते ऐकवेना.

चार महिन्यांनी आईचा फोन आला. "तुझ्या त्या मशीननं तुझ्या बापाची वाचा नेली बघ. कट्ट्याला जाईत न्हाईत. मंडलिकबी इकडं फिरकंनात. दोघंबी आपापल्या घरात भित्ताडाकडं बघत बसल्यात."

मी हसण्यावारी नेलं. पण रणजितही म्हणाला, की त्याचे वडील हल्ली संध्याकाळी सहालाच जेवायला बसतात. ज्या माणसाला कट्ट्यावरून ओढून आणावं लागायचं, तो माणूस.

तशात तालमीचा सेक्रेटरी अभिनंदन याने बातमी दिली, की त्या जुन्या फायनलचं शूटिंग सापडलं. लग्नाची शूटिंग करणाऱ्या नंदू फोटोवाल्याने त्या दिवशी हौसेने कॅमेरा नेला होता, ते त्याच्या जुन्या हार्डडिस्कवर होतं. "ताई, वर्धापनदिनाला मोठा पडदा लावतो. तुम्हीच निवाडा लावा. तीस वर्षांचा वाद, आपल्या पेठेच्या लेकीच्या हातनं मिटू दे." मी लगेच हो म्हणाले. खरं सांगायचं तर मला वाद मिटवायचा नव्हता, त्या दोघांना एक दिवस तरी कट्ट्यावर परत आणायचं होतं. पोस्टर छापून झाली.

दोघांनाही आनंद होईल असं वाटलं होतं. अण्णा फोनवर म्हणाले, "कशाला जुनं मढं उकरायचं?" मामा म्हणाले, "नंद्याचा कॅमेरा हलतोय लई. त्याच्या शूटिंगात नवरा कुठला आणि करवला कुठला कळत न्हाई." तीस वर्षं एकाही मुद्द्यावर एकमत न झालेली दोन माणसं पहिल्यांदाच एका सुरात बोलत होती. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

एकाच कॅमेऱ्यातून, तोही हलणारा, मैदान पुन्हा उभं करणं हे किचकट काम आहे, पण अशक्य नाही. गोलपोस्टची उंची-रुंदी ठरलेली असते, ती मोजपट्टीसारखी वापरायची. उन्हं कलती होती, त्यामुळे प्रत्येकाच्या पायापासून लांब सावली पडलेली. माणूस कॅमेऱ्याला एका बाजूने दिसतो आणि सावली त्याची दुसरी बाजू सांगते. दोन्ही जुळवल्या की तो नेमका कुठे आणि कसा उभा होता ते निघतं. आठवडाभरात मैदान उभं राहिलं. मी निवाडा चालवला.

स्टॉपर, चौदा टक्के. गोलकीपर, नऊ टक्के. जवळचा खांब, एकाहत्तर टक्के.

जवळचा खांब? मी पडद्याजवळ गेले. कॉर्नर मारणाऱ्याच्या जवळ जो गोलपोस्ट असतो, त्याला टेकून एक किडकिडीत पोरगा उभा होता. चेंडू सरळ त्याच्या कपाळावर येत होता. नुसता उभा राहिला असता तरी चेंडू लागून बाहेर गेला असता. तो वाकला. आणि चेंडू सुटायच्या आधीच त्याची मान आत गेली होती, डोळे मिटले होते. त्याने वाकायचं आधीच ठरवलं होतं.

मग माझ्या डोक्यात लख्ख उजाडलं. हजारदा पाहिलेल्या त्या मांडणीत जवळच्या खांबापाशी मी कधीही शेंगदाणा बघितला नव्हता. मामा तोंडात टाकायचे तो दर वेळी तोच असायचा.

जर्सीचा नंबर ओळखता आला. सुहास कवठेकर. पेठेत त्याला सगळे चिंगळ्या म्हणतात, लहान मासोळीसारखा बारीक होता म्हणून. आज तालमीच्या लहान पोरांचा कोच. मलाही त्यानेच पहिल्यांदा चेंडू मारायला शिकवला, आणि पेठेतल्या दोन पिढ्यांना त्याने एकच गोष्ट घोकून घेतली आहे. जवळच्या खांबावर उभं राहायचं आणि वाकायचं नाही.

मी शनिवारी दुपारी कोल्हापुरात अण्णांकडे गेले आणि मामांनाही तिथेच बोलावून घेतलं. आईने पोहे ठेवले. मी लॅपटॉप उघडला नाही, नुसतं विचारलं, "अण्णा, जवळच्या खांबापाशी कोण होतं?"

"कुठल्या?"

"फस्ट पोलला."

"फस्ट पोलला कोन नव्हतं," अण्णा म्हणाले.

"कोन न्हवतंच," मामा म्हणाले. मग दोघेही पोह्यांकडे बघत बसले.

"मामा, तीस वर्षं तुम्ही एकच शेंगदाणा खाताय."

मामांनी ताटली खाली ठेवली. "सेमीला त्याच्या नाकावर कोपर बसलं हुतं. हाड मोडलं. एकोणीस वर्षाचं प्वार. फायनलच्या सकाळी आमीच दोघं त्याला तालमीत वस्तादाकडं घिऊन गेलो. वस्तादानं हळद-तेल लावून नाक जाग्यावर बसीवलं. पोरगं हूं की चूं न्हाई. तालमीत दुखतंय म्हनायची पद्धतच न्हाई की गं. म्हनला, कुणाला सांगू नका, मला खेळवा."

"आणि तुम्ही खेळवलं?"

"खेळवलं," अण्णा म्हणाले. "मोडक्या नाकाचं पोरगं, आनि चेंडू तोंडावर येतोय. डोळं मिटनार न्हाई तर काय करंल? गोल झाला, मानसं कुंपण तोडून आत आली. कुणीतरी वरडलं, फस्ट पोलला कोन हुतं रं? त्याच्या आदल्या साली असंच एकाचं घर फोडलं हुतं पेठेनं. चिंगळ्याची आई एकटी, बांगड्यांची गाडी लावायची. माझी नजर ह्यांच्यावर गेली, ह्यांची माझ्यावर. मी गेलो आणि ह्यांची कॉलर धरली."

"लई जोरात धरली," मामा म्हणाले. "बटणं तुटली. मग मीबी एक ठिवून दिली. दोन मोठी मानसं भांडाय लागली की पब्लिक दुसरीकडं कशाला बघतंय? मग रोजच भांडाय लागलो. थांबलो असतो तर कुणाला तरी आठवलं असतं."

"पयलं वरीस नाटक हुतं," अण्णा म्हणाले. "मग सवय लागली. मग करमंना झालं. त्याच्या आदी आमी दोघं खेळापुरतं सोडलं तर नीट बोलतबी नव्हतो, दोन गल्ल्यांचं वैर."

माझं लग्न ज्या दोस्तीमुळे झालं ती अशी सुरू झाली होती. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. आईलाही हे पहिल्यांदाच कळत होतं, ती झारा हातात धरून दारात उभी होती.

"एवढं खरं न्हाई बोलायचं," मामा म्हणाले. "व्हिडिओ खराब हाय म्हन."

"मामा, आम्ही निकाल कधी लपवत नाही. त्यावरच तर लोकांचा यंत्रावर विश्वास आहे. उद्या मीच खोटं बोलले तर यंत्राची अब्रू काय राहिली?"

"यंत्राला अब्रू असतीय व्हय? चिंगळ्याला हाय." मग ते जरा घुटमळले. "बरं, ते ऱ्हाऊ दे. आमचं किती दावतंय?"

"तुमचं चौदा. अण्णांचं नऊ."

"चौदा? आणि ह्यास्नी नऊ?"

"बघा! मशीन सांगतंय बघा, पावणं!" अण्णा मांडीवर थाप मारून म्हणाले. "तुमचंच जास्त!" कित्येक महिन्यांनी त्यांचा आवाज गल्लीपर्यंत गेला.

पुण्याला परतताना मी विचार करत होते. एकीकडे माझं काम, ज्यात आजवर मी एक आकडा इकडचा तिकडे केला नव्हता. दुसरीकडे तो माणूस, ज्याच्या हाताला धरून मी मैदानात पहिलं पाऊल टाकलं. निवाड्याने काही चूक केली नव्हती. चौकटीत जे होतं ते त्याने बरोबर सांगितलं. पण मोडकं नाक घेऊन त्या पोराला तिथे कुणी उभं केलं, हे चौकटीत नव्हतंच, आणि चौकटीबाहेरचा दोष माझ्या यंत्राला मोजता येत नव्हता. मी खोटं बोलायचं ठरवलं.

वर्धापनदिनाला तालमीसमोर ही गर्दी. मोठा पडदा, त्यावर गोलपोस्टचं थांबलेलं चित्र, पहिल्या रांगेत अण्णा आणि मामा शेजारी शेजारी, परीक्षेच्या निकालाला आल्यासारखे. चिंगळ्याकाका मागे आपल्या पोरांबरोबर खांबाला टेकून उभा होता. अभिनंदनने माईक माझ्या हातात दिला.

"दिलगीर आहे," मी म्हणाले. "खूप प्रयत्न केला, पण शूटिंग फार हललेलं आहे. निवाडा निघत नाही."

"अर्रर्र" असा एक मोठा आवाज उठला. अण्णांनी डोळे मिटून श्वास सोडला. लोक उठायला लागले.

"केतकी, मशीन चालतंय की."

आवाज मागून आला होता. चिंगळ्याकाका गर्दीतून वाट काढत पुढे येत होता. पन्नाशीचा झाला तरी तसाच किडकिडीत, नाक जरा डावीकडे कललेलं. "लहानपणापासनं बघतोय तुला. खोटं बोलताना कान चोळतीस तू." मी कानावरचा हात खाली घेतला.

तो लोकांकडे वळला. "फस्ट पोलला मी हुतो. चेंडू माझ्या डोक्यावर येत हुता. मी वाकलो. गोल माझ्यामुळं झाला." त्याने अण्णा-मामांकडे बोट केलं. "हे दोघं तीस वर्षं एकमेकांवर ढकलत्यात. मला वाटायचं, ह्यांस्नी ठावंच न्हाई. माझ्या एका चुकीनं दोन चांगल्या मानसांत बिब्बा पडला. रोज कट्ट्यावरनं जाताना ऐकायचो. सांगाय जायचो आणि पाय मागं घ्यायचो. आता ते भांडायचंबी बंद झालं. म्हटलं, त्यांच्यातलं आता बोलनंबी संपलं. आज न्हाई सांगितलं तर मी मरताना कुनाला सांगू?"

मी त्या दोघांकडे बघितलं. ज्याला झाकण्यासाठी ते तीस वर्षं भांडले, तो तीस वर्षं त्या भांडणाखालीच दबून होता, हे त्यांना त्या क्षणी कळत होतं. मामांचा चेहरा पडला होता.

अण्णा उठले. "गप बस रं! तुला कुणी विचारलं? तुझं नाक मोडलेलं हुतं. मोडक्या नाकाच्या पोराला फस्ट पोलला उभं करनारा शाना कोन? मी! कीपर मी हुतो. कुणी कुठं उभं ऱ्हायचं ते कीपर सांगतोय. चूक माझी."

"तुमची?" मामा ताडकन उभे राहिले. "तुमी कवा सांगितलं? कॅप्टन कोन हुता? मी हुतो! मी त्याला हाताला धरून तितं नेलं, ह्या हातानं!"

"तुमी हाफलाइनवर पानी पीत हुतासा!"

"पानी? पानी तुमी पीत हुतासा! पोराला मी उभं केलं, चूक माझी हाय, सांगून ठिवतो!"

"लई शाने! तीस वर्षं माझ्यावर ढकलली आणि आता सगळी तुमीच घेनार? माझी हाय ती चूक!"

"अहो, कीपरचंच बरोबर हाय," गर्दीतून एक जण म्हणाला. "पोलवर कोन, हे कीपरच ठरवतोय."

"काय सांगतोस? कॅप्टन कशाला असतोय मग? नाणं उडवाय?"

"पण नाक मोडलेलं असताना वाकला न्हाई तर काय करंल माणूस? तू ऱ्हा बघू उभा!"

बघता बघता पेठेचे दोन तट पडले. पडद्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. अभिनंदन माझ्याकडे धावत आला. "ताई, लावा की निवाडा. कुणी उभं केलं त्याला?"

"ते नाही सांगता येत," मी म्हणाले, आणि या वेळी माझा हात कानाकडे गेला नाही. "कॅमेरा कॉर्नरपासून सुरू होतो. त्याच्या आधीचं चित्र कुणाकडेच नाही."

ते ऐकून अण्णांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तो मला कुठल्याही पुरस्कारापेक्षा मोठा वाटला. मी पडदा बंद केला. मांडव तसाच सोडून सगळे कट्ट्याकडे सरकले. चहा आला. कुणीतरी पुडी आणली. अण्णांनी मांडणी सुरू केली, एका बाजूला शेंगदाणे, दुसऱ्या बाजूला फुटाणे. चिंगळ्याकाका आजवर कट्ट्यावर कधी बसला नव्हता. मामांनी त्याला दंडाला धरून आपल्या शेजारी बसवून घेतलं. तो रुमालाने डोळे पुसत होता आणि मामा दुसरीकडे बघत त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते.

मांडणी होत आली. चिंगळ्याकाकाने पुडीतून एक बारीकसा शेंगदाणा निवडला आणि जवळच्या खांबापाशी नेऊन ठेवला. मामांचा हात सवयीने तिकडे गेला.

"अजितदा, त्यो ऱ्हाऊ दे," चिंगळ्याकाका म्हणाला. "तितं मी हाय."

मामा थांबले. मग त्यांनी दगडी तालमीचा एक फुटाणा उचलला, तोंडात टाकला आणि म्हणाले, "हं पावणं, आता सांगा. हाफलाइनवर पानी कोन पीत हुतं?"